क्यू हातात अडकला की काय करता? (शब्द अर्थासकट हवेत)

आठवीचीआई:
नमस्कार. रविवारी जेवणं उरकली की लेक आणि मी स्क्रॅबल मांडतो, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या टाइल्स लावून शब्द करायचा खेळ. गेल्या खेपेला शेवटी माझ्याकडे क्यू राहिला. इंग्रजीत क्यूनंतर बहुतेक यू लागतो. यू चारच असतात, ते चारही लागून गेले होते, कुठल्याही अक्षराच्या जागी चालणाऱ्या दोन्ही कोऱ्या टाइल्सही संपल्या होत्या. लेकीने हात रिकामा केला. माझे 10 गुण गेले आणि तेच 10 तिच्या खात्यात जमा झाले.

हरल्याचं काही नाही. पण तिने आता क्यूच्या शब्दांची यादी उतरवून घेतली आहे आणि अर्थ न बघता पाठ करते आहे. परवा 'क्वर्न' लावला. म्हटलं, म्हणजे काय गं? तर म्हणे, "ठाऊक नाही, पण चालतो." मला ते लागलं. ज्यांच्यामागची वस्तू तिला दाखवता येईल, निदान तिची गोष्ट तरी सांगता येईल, असे शब्द सुचवा.

शब्दपट:
यू नसेल तर पहिला शब्द क्यू-आय, उच्चार 'ची'. चिनी परंपरेतली जीवनशक्ती, श्वास. आपल्या 'प्राण'च्या जवळचा. ची गोंग या व्यायामातला 'ची' तो हाच. क्यू अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात पडला आणि आडवा-उभा दोन्हीकडे 'ची' झाला, तर 62 गुण. दुसरा क्यू-ए-टी, 'कात'. येमेन, इथिओपियात लोक या झुडपाची कोवळी पानं चघळतात, तरतरी येते म्हणून. आपला विड्याचा कात वेगळा. तिसरा एस-यू-क्यू, 'सूक', म्हणजे अरबी बाजार; यात यू लागतो, पण क्यूच्या आधी.

क्यूनंतर यू नसलेले बरेचसे शब्द अरबीतून आलेत. तिथल्या 'काफ' या अक्षरासाठी रोमन लिपीत क्यू लिहायची रीत आहे. म्हणून फकीर, तलाक, बुरखा हे शब्द क्यू घालूनही लिहिले जातात आणि खेळात चालतात. लेकीला हे तर आधीपासून येतातच.

ओवी:
क्वर्न म्हणजे जातं, ताई! हाताने फिरवायचं, दोन तळ्यांचं. जुन्या इंग्रजीत हा शब्द सी-डब्ल्यूने सुरू व्हायचा. 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड घेतलं, त्यानंतरच्या लेखनिकांनी फ्रेंच वळणाने तिथे क्यू-यू लिहायला सुरुवात केली. क्वीनचंही तेच झालं. आजोळी जातं असेल तर खुंटा धरून चार फेरे मारू द्या तिला. पुन्हा विसरायची नाही.

जुनाजुळारी:
उशिरा लिहितोय, पण हा धागा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. बावीस वर्षं मी छापखान्यात खिळे, म्हणजे अक्षरांचे शिशाचे ठसे, जुळवले. मराठीही, इंग्रजीही. क्यूचे चार शब्द मी यादीत वाचलेले नाहीत, हाताळलेले आहेत.

पहिला क्वाड. शिशाचा कोरा तुकडा. खिळ्यापेक्षा उंचीला कमी, त्यामुळे त्याला शाई लागत नाही आणि कागदावर मोकळी जागा उमटते. परिच्छेद सुरू करताना "एक एम सोड" म्हणायचे, तो एम म्हणजे चौकोनी क्वाडच. मूळ लॅटिन शब्दही चौकोनाचाच. पानावर जी कोरी जागा दिसते, तिलाही वजन असतं, हे मला तिथे कळलं. शेवटची ओळ अर्ध्यावर संपली की उरलेली ओळ क्वाडांनी भरावी लागे. ती जागा आपोआप कोरी राहत नसे.

दुसरा माझा सगळ्यात लाडका. क्यू-यू-ओ-आय-एन. लिहायला असा, उच्चार मात्र 'कॉइन'. फर्मा, म्हणजे छापायला जुळवून ठेवलेला खिळ्यांचा मजकूर, आवळायची पाचर. चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, मजकूर बसवला, भोवती लाकडी पट्ट्या लावल्या, की कॉइन घालून चावीने आवळायचं. मग फर्म्याची एक कड किंचित उचलून बोटांनी दाबून बघायचं, एखादा खिळा हलतोय का. हलला तर पुन्हा सैल करून पुन्हा आवळा. घाई केली आणि फर्मा उचलताना सांडला, की दिवसभराचं काम जमिनीवर. माझा एकदा सांडला होता, लग्नपत्रिकेचा. रात्री दीडपर्यंत बसून पुन्हा जुळवला. गंमत अशी की पैशाचा कॉइन आणि हा कॉइन सख्खे भाऊ आहेत. दोघांचं मूळ पाचरीसाठीच्या लॅटिन शब्दात. इमारतीच्या कोपऱ्यावरच्या दगडालाही इंग्रजीत हाच शब्द आहे.

तिसरा क्वायर, म्हणजे आपला दस्ता. 24 ताव. वीस दस्त्यांचं रीम, म्हणून जुनं रीम 480 तावांचं. इंग्रजी शब्दाचं मूळ 'चार-चार' असं आहे, कारण आधी चार ताव एकात एक दुमडून घडी करत. आपला दस्ता फारसी 'दस्त'वरून, म्हणजे हातात मावेल एवढा गठ्ठा. मला आपला शब्द जास्त पटतो. ताव मोजणाऱ्या माणसाचा हात त्यात दिसतो.

चौथा क्वार्टो. ताव दोनदा दुमडला की चार पानं, आठ पृष्ठं. लेकीला वर्तमानपत्राचा कागद द्या आणि दुमडून मोजायला सांगा.

आणि खुद्द क्यू! खिळ्यावर अक्षर उलटं असतं. छोट्या लिपीतले पी, क्यू, बी, डी उलटे धरले की नवख्याला ओळखू येत नाहीत. खिळ्याची खाच कुठल्या बाजूला आहे ते अंगठ्याने चाचपून आम्ही तो सरळ धरायचो.

बऱ्हाणपूरकर:
क्यू-ए-एन-ए-टी, कनात, हाही घ्या. मांडवाची कनात नव्हे. इराणकडची जमिनीखालची पाण्याची वाट: डोंगराच्या पायथ्यापासून हलक्या उताराचा बोगदा आणि वर ओळीने विहिरी. पंप नाही, काही नाही, पाणी उताराने येतं. आमच्या बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा त्याच पद्धतीचा, 1615 च्या सुमाराचा. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, मलिक अंबरची नहरही तशीच. लेकीला एकदा घेऊन या.

आठवीचीआई:
सगळ्यांचे मनापासून आभार. जुळारीकाका, तुमचा प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवला. क्वाड, कॉइन, क्वायर तिन्हींचे प्रत्येकी 14 गुण, हे तिने लगेच मोजलं. मग कोपऱ्यावरून फुलस्केपचा दस्ता घेऊन आली आणि जमिनीवर पसरून ताव मोजले. तिचे 25 भरले. विचारते आहे, आजोबा, चूक कोणाची?

जुनाजुळारी:
चूक कोणाचीच नाही, बाळ. दशमान हिशोबात रीम 500 चं झालं आणि दस्ता 25 चा. माझा 24 चा आहे, तो मीही अजून बदललेला नाही. कॉइनची एक जोडी आणि चावी माझ्याकडे आहे. फोटो टाकतो.