शब्दचर्चा : ‘द प्रिझनर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ‘द प्रिझनर’ या जुन्या ब्रिटिश मालिकेवर लेख लिहितो आहे. नावासाठी ‘कैदी’ घेतलं होतं, पण मालिकेत ना तुरुंग आहे ना गज. ‘बंदिवान’ फारच कवितेतलं वाटतं. कोणता शब्द घ्यावा?

उत्तर : ‘कैदी’ तुम्हाला खटकला, ते बरोबरच आहे. कैदी म्हटलं की गुन्हा, खटला, शिक्षा असा सगळा क्रम डोळ्यांपुढे येतो. निकाल लागायचा असला तर आपण ‘कच्चा कैदी’ म्हणतो, म्हणजे कोर्ट कुठेतरी आहेच. इथे नायकावर आरोपच नाही. गुप्त खात्यातल्या नोकरीचा राजीनामा देऊन तो लंडनच्या घरी सामान भरत असतो, खोलीत गॅस सोडला जातो, आणि शुद्धीवर येतो तेव्हा खोली हुबेहूब तीच, खिडकीबाहेर मात्र भलतंच गाव. १९६७-६८ मध्ये ब्रिटनमध्ये या मालिकेचे १७ भाग दाखवले गेले. नायक पॅट्रिक मॅकगूहन, आणि मालिकेमागचं मुख्य डोकंही त्याचंच.

कायद्याच्या भाषेत जवळचा शब्द ‘स्थानबद्ध’. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, हे आपण शाळेपासून वाचतो. पण त्यात जागेला नाव असतं, सरकार कोणतं ते माहीत असतं. इथे तेच नाही. पहिल्या भागात नायक दुकानात नकाशा मागतो. मिळतो तो फक्त त्या गावाचा, आणि त्यावर डोंगर, समुद्र, किनारा एवढंच लिहिलेलं. मोठ्या भागाचा नकाशा द्या म्हटल्यावर दुकानदार मोठा, रंगीत कागद उलगडतो, त्यावरही तेच गाव! कुठल्या देशात आपण आहोत, पकडलं कोणी, हे काही केल्या कळत नाही. ‘स्थानबद्ध’मधलं स्थानच गायब आहे.

म्हणून माझं मत ‘नजरकैद’ला. १६६६ मध्ये आग्र्याला शिवाजी महाराज नजरकैदेत होते, असं म्हणताना आपल्या मनात कोठडी येत नाही. मुक्कामाची जागा, सोबतची माणसं, येणंजाणं सगळं चालू, आणि भोवती फौलादखानाचे पहारे. कैद दाराने नव्हे, नजरेने केलेली. मालिकेतलं गाव अगदी असंच आहे. वेल्समधल्या पोर्टमेरियनला, क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुरचनाकाराने हौसेने उभारलेल्या रंगीबेरंगी वस्तीत, त्याचं बाहेरचं चित्रीकरण झालं. बँडवाले आहेत, छत्र्या आहेत, सकाळी कर्ण्यावर गोड आवाजात सुप्रभात होते. आणि कोणी किनाऱ्यावरून पळायला लागलं की एक मोठा पांढरा फुगा येऊन त्याला गुदमरवून टाकतो. ‘नजरकैदी’ असं थेट नाम मला थोडं अवघड वाटतं. लेखाचं नाव ‘नजरकैदेत’ एवढंच ठेवा.

यालाच लागून आणखी एक. लेखात तुम्ही टेहळणी, पाळत, देखरेख हे शब्द एकाच अर्थाने वापराल, तर घोटाळा होईल. टेहळणी बुरुजावरून होते, शत्रू बाहेरून येणार म्हणून. पाळत चोरून ठेवतात. देखरेखीत मात्र काळजीचा सूर आहे. लहान मुलांवर, आजाऱ्यावर आपण देखरेखच ठेवतो. त्या गावाचे चालक जे करतात त्याला ते स्वतः देखरेख म्हणतील, नायक पाळत म्हणेल. मालिकेतला सगळा झगडा माझ्या मते इथेच आहे. कोंडणाऱ्याने दिलेला गोड शब्द आपल्या तोंडी एकदा बसला की अर्धी लढाई हरलीच. राजीनामा का दिला, हेच चालकांना हवं असतं; एवढं एक वाक्य सांगून नायक सुटू शकला असता, असं पुष्कळांना वाटतं. तो सांगत नाही, कारण ते त्याचं आहे.

प्रश्न : फार उपयोग झाला. त्या गावात माणसांना नावांऐवजी नंबर आहेत, नायक सहावा. मग गावाचा कारभार पाहणाऱ्या ‘नंबर टू’चं काय करू? आणि ‘अनम्युच्युअल’?

उत्तर : ‘दोन नंबर’ कृपया नको. वाचकाला काळा पैसाच आठवेल, आणि ‘एक नंबर’ तर आपल्याकडे शाबासकी आहे. ‘क्रमांक दोन’ करा. त्या गावाची भाषा तशीही कार्यालयीन आणि अदबीची आहे, सगळे एकमेकांना ‘आपण’ म्हणतील.

‘अनम्युच्युअल’ अवघड आहे. एका भागात नायकावर हा शिक्का बसतो आणि लोक त्याच्याकडे पाठ फिरवतात. ‘असहकारी’ चालणार नाही, गांधीजींमुळे असहकार हा आपल्याकडे मानाचा शब्द आहे. ‘वाळीत टाकलेला’ हा परिणाम झाला, आरोप नव्हे. ‘समाजकंटक’ म्हटलं की दगडफेक करणारा जमाव दिसतो. मूळ शब्दच मुद्दाम घडवलेला, ओबडधोबड आहे, म्हणून मी ‘अमनमिळाऊ’ सुचवेन. स्थळांच्या जाहिरातीतला तो प्रेमळ ‘मनमिळाऊ’, त्याला सरकारी ‘अ’ लावला की अंगावर काटा येतो. समितीने ठरवलेला मनमिळाऊपणा कसा असतो, ते त्यात ऐकू येतं.

निरोप घेताना तिथले लोक बोटांचं कडं डोळ्याशी नेऊन ‘बी सीइंग यू’ म्हणतात. ‘भेटूच’ केलंत तर नजर हरवते, ‘बघतोच’ केलंत तर उघड धमकी होते. ‘दिसालच’ करून पाहा. गोड निरोपही आहे आणि सुटका नाही हेही.

सुरुवातीच्या संवादाकडे मात्र नीट लक्ष द्या. नायक विचारतो, ‘क्रमांक एक कोण?’ क्रमांक दोनच्या ‘यू आर नंबर सिक्स’ या उत्तराचं शब्दशः मराठी ‘तुम्ही क्रमांक सहा आहात’ असं होतं, पण इंग्रजीत ‘आर’नंतर किंचित थांबलं तर ‘तुम्हीच, क्रमांक सहा’ असाही अर्थ निघतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘आहात’ लिहिलंत की दुसरा अर्थ मेला. ते गाळा. ‘तुम्ही क्रमांक सहा.’ एवढंच ठेवा, स्वल्पविराम देऊ नका. शेवटचा भाग पाहिलेला वाचक तिथे आपोआप थांबेल.