बेरिया कॉलेज, केंटकी: कोर्सेसची यादी पाहून भाचीला पाठवावं का?

कोरेगावचा मास्तर

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीची यंदा बारावी सायन्स झाली. तिच्या सरांनी सांगितलं म्हणून तिने अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजला अर्ज टाकला होता आणि चक्क निवड झाली. ट्यूशन फी शून्य, पहिल्या वर्षी राहणं-जेवणही तेच बघणार. घरात पेढे वाटून झाले, मग सगळे शांत बसून पत्र पुन्हा वाचायला लागले आणि शंका सुरू झाल्या.

मी त्यांच्या वेबसाइटवरची विषयांची यादी दोनदा वाचली. जीवशास्त्र, रसायन, गणित, कॉम्प्युटर, नर्सिंग, शेती, अर्थशास्त्र, नाटक, संगीत, धर्म, 'पीस अँड सोशल जस्टिस' असं बरंच काही आहे. पण सिव्हिल नाही, मेकॅनिकल नाही. एवढ्या लांब जाऊन पोरगी शिकणार काय? मेहुण्यांचं म्हणणं, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात याच्या चौपट ब्रँच असतात.

दुसरं म्हणजे कॉलेज ख्रिश्चन आहे. मला त्याचं काही नाही, पण तिची आजी धास्तावली आहे. तिसरं, प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावं लागतं म्हणे. तिथे मुलं केरसुण्या बांधतात असं वाचल्यावर तर मेहुणे उठूनच गेले. कोणाला प्रत्यक्ष माहिती असेल तर सांगा. ऐकीव नको.

बिटबाईट

मास्तर, स्पष्ट बोलतो, राग नसावा. दीड हजार मुलांचं कॉलेज, त्यात कॉम्प्युटरला शिकवणारे मोजके प्राध्यापक. मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत एकट्या मशीन लर्निंगचे जितके कोर्स असतात तितके इथे अख्ख्या विभागात नसतील. फुकट आहे म्हणून जाऊ नका. रँकिंग बघा.

केंटकीची काकू

मास्तर, मी बेरियाचीच. आता लेक्सिंग्टनला नोकरी करते, तिथून कॉलेज गाडीने पाऊण तासावर. त्यामुळे ऐकीव नाही, भोगलेलं सांगते.

आधी केरसुणीचं उरकते, कारण मेहुणे उठून गेलेत. तुम्ही कोरेगावचे, म्हणजे रयतच्या मुलखातले. कर्मवीर अण्णांची 'कमवा आणि शिका' योजना तुम्हाला मी काय सांगू! बेरिया म्हणजे केंटकीतलं रयत समजा. तिथे 1892 पासून ट्यूशन फी घेत नाहीत आणि काम मात्र सगळ्यांना, कलेक्टरचा पोरगा असो की कोळसा खाणीतल्या मजुराचा. (कलेक्टरचा पोरगा तसा तिथे पोचतच नाही. अमेरिकन मुलं घेताना घरची मिळकत कमी आहे ना, हे बघूनच घेतात.) केरसुण्यांचा विभाग 1920 पासून आहे आणि त्या केरसुण्या विकत घ्यायला लांबून माणसं येतात. शिवाय हातमाग आहे, सुतारकाम आहे, कुंभारकाम आहे, बून टॅव्हर्न नावाचं कॉलेजचं हॉटेल आहे, 1871 पासूनची शेती आहे. पहिल्या वर्षी काम कॉलेज ठरवून देतं. मला मुदपाकखाना मिळाला होता. दीड-दोनशे ताटांचा ढीग, वाफेने चष्मा आंधळा, आणि शेजारी घानाची एक मुलगी प्रत्येक ट्रे मशीनमध्ये सरकवताना मला जीवशास्त्रातले प्रश्न विचारायची, कारण दुसऱ्या दिवशी दोघींची परीक्षा. दुसऱ्या वर्षापासून आपण अर्ज करून काम बदलू शकतो. कॉम्प्युटरच्या मुलांची एक सॉफ्टवेअर टीम आहे. कॉलेजच्या ऑफिसांना लागणाऱ्या प्रणाल्या तीच पोरं लिहितात आणि चालवतात. बिटबाईटना रँकिंगमध्ये हे दिसायचं नाही. कामाचं मूल्यमापन होतं, त्याची वेगळी मार्कलिस्टही मिळते. नोकरीच्या मुलाखतीत माझ्या त्या कागदावर जितके प्रश्न आले तितके रसायनशास्त्रावर आले नाहीत.

आता मुद्द्याचं. तुम्ही विषयांची यादी वाचलीत, ती बाजूला ठेवा. ती जाहिरात असते, सगळ्याच कॉलेजांची. उघडायचा तो कॅटलॉग. त्यात प्रत्येक कोर्सखाली बारीक अक्षरांत दोन-तीन ओळी असतात, खरी गोष्ट तिथे. एक, हा कोर्स घ्यायच्या आधी कोणता कोर्स झालेला हवा. दुसरी, तो कधी होतो. 'साधारणपणे दर फॉलला' (म्हणजे ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रात) असं लिहिलं असेल तर बिनघोर. पण 'साधारणपणे एक वर्षाआड स्प्रिंगला' (जानेवारीच्या सत्रात) असं असेल तर कान टवकारा. लहान कॉलेजात वरच्या वर्गाचे बरेच कोर्स वर्षाआड चालतात, कारण शिकवणारी माणसं तेवढीच. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगला तो कोर्स हुकला तर पुढची संधी पाचव्या वर्षी, आणि पाचवं वर्ष नसतं.

माझ्या मजल्यावरची एक नेपाळी मुलगी नर्सिंगला आली होती. दोन सत्रांनंतर तिला कळलं की आपल्याला रक्त बघवत नाही. तिथे मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलणं अगदी सर्रास चालतं. बहुतेक मुलं दुसऱ्या वर्षात ठरवतात आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. पण ती रसायनशास्त्राकडे आली तेव्हा सेंद्रिय रसायनशास्त्राची साखळी एक वर्ष उशिरा सुरू झाली आणि पुढचं सगळं गाडं त्यामागे घरंगळत गेलं. तिने शेवटची दोन वर्षं कागदावर चौकटी आखून एकेक कोर्स बसवला. झालं व्यवस्थित, पण उन्हाळ्यातही शिकावं लागलं. उलट कोणी इंग्रजी किंवा समाजशास्त्राकडून निघून दुसरीकडे गेलं तर फारसं अडत नाही, तिथे साखळ्या आखूड. म्हणून भाचीचं मन नर्सिंग, रसायन, कॉम्प्युटर असं कुठेही असेल तर गणित आणि रसायन पहिल्याच सत्रात घ्यायला सांगा. नंतर सोडता येतं. नंतर धरणं महाग पडतं.

पदवीला 32 क्रेडिट लागतात. तिथला एक क्रेडिट म्हणजे इतर अमेरिकन विद्यापीठांतले चार क्रेडिट, त्यामुळे आकडा बघून घाबरू नका आणि फसूही नका. यातला मेजरचा वाटा निम्म्याहून कमी असतो. बाकी सगळ्यांना सारखे कोर्स आहेत: पहिल्या वर्षी लेखनाचे दोन, पुढे विज्ञानाचा एक, ख्रिस्ती धर्माच्या आकलनाचा एक, कला, परकी भाषा, वगैरे. आपल्याकडे फर्स्ट इयरला ब्रँच मिळाली की माणूस तिथेच चार वर्षं कोंडला जातो. इथे तसं नाही. ते चांगलं की वाईट हे पोरीवर आहे. आधीपासून एकच ध्यास असेल तिला हे सगळं पाल्हाळ वाटेल.

इंजिनिअरिंग खरंच हवं असेल तर बेरिया ती जागा नाही. 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीज अँड अप्लाइड डिझाइन' नावाचं मेजर आहे, चांगलं आहे, पण त्याला बी.ई. समजून येऊ नका. काही लहान कॉलेजं तीन वर्षं इथे आणि दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात अशी 3+2 व्यवस्था ठेवतात. त्यातल्या दुसऱ्या भागाचे पैसे कोण देणार, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा.

बिटबाईट

काकू, सॉफ्टवेअर टीमचं मानलं. पण पदवी बी.ए. असेल तर? भारतात परत आल्यावर 'बी.ए. कॉम्प्युटर' म्हटल्यावर एचआरवाला हसेल.

केंटकीची काकू

हसू दे. अमेरिकेत बी.ए. आणि बी.एस. यात फरक असतो तो बहुतेक मेजरबाहेरच्या कोर्सेसच्या वाटणीचा. तिथली कंपनी कोर्सेसची नावं आणि प्रोजेक्ट बघते. व्हिसाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी क्रमांक. तो आय-ट्वेंटीवर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, छापलेला असतो. पदवीनंतर ओपीटीवर (शिकलेल्या विषयातल्या कामाची परवानगी) 12 महिने काम करता येतं आणि कोड स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांच्या, यादीत असेल तर आणखी 24. ते बी.ए. आहे की बी.एस. यावर ठरत नाही. तेव्हा ज्या मेजरवर डोळा आहे त्याचा कोड आधी विचारून घ्या. भारतातल्या सरकारी नोकरीसाठी मात्र समकक्षतेचं प्रमाणपत्र लागतं, ते गृहीत धरा.

कामाच्या तासांबद्दल एक राहिलं. एफ-वन व्हिसावर (विद्यार्थ्यांचा व्हिसा) सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येतं. बेरियाचे दहा तास त्यात आरामात बसतात. बाहेर पिझ्झा पोचवणे वगैरे कल्पना पोरीच्या डोक्यात असतील तर काढून टाका.

नगरकर_७०

मास्तर, तिच्या आजीसाठी दोन शब्द. मी स्वतः ख्रिस्ती, अहिल्यानगरचा, तीन पिढ्या मिशनच्या शाळांत शिकलो आणि शिकवलं. सावित्रीबाईंनी ज्या फरारबाईंकडे शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं, त्यांची शाळा आमच्याच गावात होती. तेव्हा आजींना सांगा, हे काही नवं नाही.

पण 'ख्रिश्चन कॉलेज' या पाटीखाली अमेरिकेत फार वेगवेगळी घरं आहेत. इलिनॉयमधल्या व्हीटनसारख्या ठिकाणी विद्यार्थी आचारसंहिता मान्य करतो आणि चॅपलला, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनेला, हजेरी सक्तीची असते. ज्याला त्या श्रद्धेत शिकायचं आहे त्याच्यासाठी ते उत्तमच. बेरिया कुठल्याही पंथाचं नाही. 1855 साली जॉन फी नावाच्या धर्मोपदेशकाने सुरू केलं, गुलामगिरीविरुद्ध बोलतो म्हणून त्याला 1859 मध्ये जमावाने राज्याबाहेर हाकललं, अमेरिकन यादवी युद्धानंतर तो परत आला आणि काळी-गोरी मुलं, मुली-मुलगे एका वर्गात बसवले. ब्रीदवाक्य प्रेषितांच्या कृत्यांतलं: देवाने सर्व माणसांना एकाच रक्तापासून निर्माण केलं. 1904 साली केंटकी सरकारने खास कायदा करून हा एकत्र वर्ग बंद पाडला, कारण त्या राज्यात असा वर्ग फक्त बेरियात होता. कॉलेज सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1908 मध्ये हरलं. 1950 मध्ये कायदा सैल झाल्यावर पुन्हा दार उघडलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासलेखनाचा पाया घालणारे कार्टर वुडसन 1903 चे तिथले पदवीधर, म्हणजे दार बंद व्हायच्या जेमतेम एक वर्ष आधीचे.

केंटकीची काकू

नगरकर काका, छान सांगितलंत. त्या धर्माच्या कोर्सचं मी भर घालते. तो सगळ्यांना आहे, पण श्रद्धेची परीक्षा नाही. माझ्या वर्गात मुस्लिम, बौद्ध, नास्तिक आणि दोन बाप्टिस्ट उपदेशकांची मुलं होती. सर्वांत जोरात भांडायची ती उपदेशकांची मुलं, तीही एकमेकांशी. मी निबंध लिहिला पंडिता रमाबाईंवर. सरांनी बोलावून घेतलं, तासभर बसवून प्रश्न विचारले आणि वाचनाला आणखी चार पुस्तकं दिली. बिटबाईट, लहान कॉलेजात कोर्स कमी असतात हे खरंच. पण दारावर टकटक केली की सर आतच असतात. तीनशेच्या हॉलमध्ये शिकलेल्याला हे सांगून पटत नाही.

जेवणाचं: शाकाहारी मिळतं, पण चव आपली आपण आणायची. गोडा मसाला चेक-इन बॅगेत.

कोरेगावचा मास्तर

सगळ्यांचे आभार. मेहुण्यांना रयतचं उदाहरण दिलं. "मग अण्णांच्या वसतिगृहात जाण्यात काय वाईट होतं" म्हणाले, म्हणजे निम्मे वळले. आजी फक्त विचारतात, तिथे थंडी किती.

भाची काल रात्री कॅटलॉग उघडून बसली होती. तिला कॉम्प्युटर मेजर आणि गणित मायनर (दुय्यम विषय) करायचं आहे. वर्षाआड होणाऱ्या कोर्सेसवर तिने पिवळी खूण केली आहे आणि दोन ठिकाणी तारांबळ होतेय असं तिचं म्हणणं. जमेल का?

केंटकीची काकू

शाब्बास पोरी! पिवळी खूण केली म्हणजे अर्धं काम झालं. जमेल. गणितातले वरचे कोर्स वर्षाआड असतात, त्यांना आधी जागा द्या आणि कॉम्प्युटरचे दर वर्षी होणारे मधल्या फटीत बसवा. दोन कोर्स एकाच वेळेला आपटत असतील तर विभागप्रमुखांना आत्ताच ईमेल करा, जूनची वाट बघू नका. लहान विभागात वेळापत्रक कधीकधी चार मुलांच्या सोयीने बदलतं, पण ती चार मुलं वेळेत बोलली तरच.

आणि एक. बारावीला गणितात नव्वद आहेत म्हणून थेट वरच्या कॅल्क्युलसला बसवतील असं धरू नका. आधी प्लेसमेंट परीक्षा असते, कोणत्या वर्गात बसायचं ते त्यावर ठरतं. मे महिन्यात आंबे खाऊन झाले की लिमिट आणि इंटिग्रेशनची उजळणी करायला लावा. कॅल्क्युलेटर न घेता.

आजींना सांगा, जानेवारीत बर्फ पडतो, पण शिकागोसारखा नाही. कोट इथून घेऊ नका, तिकडे स्वस्त आणि चांगला मिळतो.