भाऊ ४४, आतड्याचा कॅन्सर. मी ३६, कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) आत्ताच करू का?

ओवी_पुणे:
सख्खा मोठा भाऊ न्यू जर्सीत असतो. गेल्या महिन्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. सात-आठ महिने संडासातून रक्त पडत होतं पण आमच्याकडे घरात सगळ्यांनाच मूळव्याध, त्यामुळे आई फोनवरून सांगायची इसबगोल घे, तिखट बंद कर आणि तोही तेच करत राहिला. मध्ये हिमोग्लोबिन कमी आलं तर लोहाच्या गोळ्या घेतल्या, बास. दारू नाही, सिगरेट नाही, दर रविवारी सायकल चालवणारा माणूस. मला त्रास काहीच नाही, फॅमिली डॉक्टर म्हणतात पन्नाशीनंतर बघू. काय करू? आणि ती टेस्ट खूप दुखते का हो?

सिस्टर_नाशिक:
ताई थांबू नका. एंडोस्कोपी विभागातच काम करते म्हणून सांगते. पन्नाशीचा आकडा जुना झाला, अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०१८ लाच तो ४५ वर आणला आणि २०२१ मध्ये तिथल्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनेही, आणि हे घरात कुणालाच नसेल त्यांच्यासाठी. आईवडील किंवा सख्ख्या भावंडाला कमी वयात झाला असेल तर चाळिशी, किंवा त्यांना झाला त्या वयातून १० वजा, जे आधी येईल ते. तुमच्या बाबतीत ४४ वजा १० म्हणजे ३४, दोन वर्षं उलटूनच गेलीत.
दुखत नाही, झोपेचं इंजेक्शन देतात. आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं औषध तेवढं नकोसं वाटतं. पण आत पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरचा छोटा कोंब) दिसला तर तेव्हाच काढतात, आणि त्याचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहाएक वर्षं जातात, म्हणून तर लवकर बघायचं.

परदेशी_पाहुणा:
इथे अमेरिकेत १९९० च्या आसपास जन्मलेल्यांना १९५० वाल्यांपेक्षा कोलन कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट आहे. ‘ब्लॅक पँथर’मधला नट चॅडविक बोसमन याच कॅन्सरने गेला तेव्हा ४३ चा होता. वजन, खाणं, जंतू यावर संशोधन चालू आहे पण तुमच्या भावासारखे फिट लोकही सापडतात त्यात. तरुणांमध्ये गाठ बऱ्याचदा डाव्या बाजूला किंवा गुदाशयात असते म्हणून रक्त दिसतं आणि सगळे मूळव्याध समजतात. भारतात सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची होते, आतड्याची नाही, त्यामुळे आपणच मागून घ्यावी लागते.
भावाच्या गाठीची एमएमआर टेस्ट (कॅन्सर आनुवंशिक असू शकतो का हे कळायला करतात ती) झाली का विचारा. लिंच सिंड्रोम, म्हणजे कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष, निघाला तर कोलोनोस्कोपी दर एक-दोन वर्षांनी लागते, आणि बायकांना गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका असतो.

ओवी_पुणे:
खरंच आभार दोघांचे. भावाला मेसेज केला, रिपोर्ट पाठवतोय. मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली. आई ६८ ची आहे, तिचं कधीच काही केलेलं नाही, तिचंही करायचं का?

सिस्टर_नाशिक:
हो, आईंचंही. बीपी-शुगरच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, मनाने बंद करू नका.