वय २९, फाउंड्रीतली नोकरी, बारावीला बायो नाही. मेडिकलची नीट परीक्षा देता येईल का?

शिरोलीकर: नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. शिक्षण मेकॅनिकल. बारावीला बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं, घरात इंजिनिअरिंगच ठरलेलं. आता एमबीबीएसला जायचंय. हसायचं तर हसून घ्या, मग पुढं वाचा.

फर्स्ट एडची पेटी माझ्या ताब्यात असते. मागं एकाच्या हाताला तापलेलं कास्टिंग लागलं, शर्टाची बाही कातडीला चिकटली. मुकादम ती ओढून काढायला लागला. मी त्याला थांबवलं, हात नळाखाली धरला आणि चिकटलेला भाग तसाच ठेवून भोवतीनं कापड कापलं. सीपीआर हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, ओढलं नाही ते बरं केलंत. तेव्हापासून रात्री जेवण झालं की भाजल्यावर अंगातलं पाणी का कमी होतं, सलाईन किती द्यायचं, असलंच वाचत बसतो. ओतकामाचे रिपोर्ट कधी एवढ्या आवडीनं वाचले नाहीत.

वय चालतं का? बायोचं काय करायचं? बायको झेडपीत शिक्षिका आहे. ती म्हणते, "कर की, पण घराचा हप्ता कोण भरणार ते आधी सांग."

इंटर्न_कोल्हापूर: दादा, वयाचं सोडा. वरच्या वयाची अट २०२२ मध्येच निघाली. पण हिशोब घालून ठेवा: साडेचार वर्षं कॉलेज, वर्षभर इंटर्नशिप, वर सरकारी कॉलेज असेल तर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं एक वर्ष. पीजीचं (एमडी-एमएसचं) तर अजून नावच काढलेलं नाही. आणि वयानं लहान सिनिअर रात्री तीनला "ब्लड सँपल पाठवलं का?" म्हणून ओरडतो, तेव्हा क्वालिटीतलं साहेबपण खुंटीला टांगावं लागतं.

बायोच्या_बाई: तुमच्यासारख्यांचाच प्रश्न २०२३ च्या नोव्हेंबरात सुटला. बारावीनंतर बायो जादा विषय म्हणून दिला तरी एनएमसीला (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला) चालतं. बोर्डाच्या फॉर्मवर "तुरळक विषय" असा प्रकार असतो, तो विचारा. ७० ची लेखी, ३० चं प्रॅक्टिकल. ज्या कॉलेजातून फॉर्म भराल तिथल्या सरांशी प्रॅक्टिकलचं आधीच बोलून घ्या, ऐनवेळी कुणी दारात उभं करत नाही. खुल्या वर्गाला बारावीत पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) मिळून ५० टक्के लागतात. नीटच्या ७२० मार्कांत ३६० एकट्या बायोचे, आणि उत्तर चुकलं की एक मार्क कापला जातो. एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न ओळ वाचा, आकृत्यांखालची बारीक अक्षरंसुद्धा. इंजिनिअर पोरांचं फिजिक्स बरं असतं, वनस्पतींच्या धड्यांना मात्र हमखास झोपतात.

रंकाळ्याचा_राजा: भावा, राजीनामा टाकू नको एवढंच सांगतो. आधी नोकरीत राहून बायो काढ, मग एक नीट देऊन बघ. सरकारी सीट लागली तर वहिनींना सांगायला तोंड राहील. खासगीची फी बघितलीस का? घराचा हप्ता पाणी भरेल त्यापुढं.

शिरोलीकर: खासगीचा विचारच नाही, सरकारी नाहीतर फाउंड्री. बाई, जुन्या कॉलेजात सोमवारी जाऊन येतो. बारावीची मूळ मार्कशीट लागेल की झेरॉक्सवर भागेल? मूळची बँकेत लॉकरला आहे आणि किल्ली बायकोकडं.