Re: सर्टिफिकेशनचे प्रश्न जुने का राहतात

प्रश्न दरवर्षी नव्याने काढले की झालं असं वर म्हटलंय ते अर्धंच पटलं, कारण प्रश्न कशाबद्दल विचारलाय यावर तो किती टिकणार ते ठरतं. कुबरनेटिसचंच (अनेक मशीनवर ॲप्स चालवणारं, सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या ना, २०२१ पासून वर्षाला ३ व्हर्जन येतात, कोण किती प्रश्न बदलत बसणार!

आधी 'क्यूबसीटीएल रन' ही त्याची कमांड मारली की डिप्लॉयमेंट (ॲपच्या ठरलेल्या प्रती चालू ठेवणारी व्यवस्था) बनायचं, २०२० ला १.१८ व्हर्जन आलं आणि तीच कमांड नुसता पॉड (ॲपची एक चालती प्रत) बनवायला लागली. म्हणजे "या कमांडने काय तयार होईल" असा चार पर्यायांचा प्रश्न असेल तर त्याचं बरोबर उत्तर एका रात्रीत चूक. सीकेएमध्ये (कुबरनेटिस ॲडमिनची सर्टिफिकेशन परीक्षा) तसं होत नाही, तिथे दोन तास खऱ्या क्लस्टरवर (कुबरनेटिस चालणाऱ्या मशीनच्या गटावर) काम करायचं, ३ रेप्लिकांचं (प्रतींचं) डिप्लॉयमेंट मागितलं तर शेवटी ते चालतंय का एवढंच तपासतात, तुम्ही कुठल्याही कमांडने करा. असा प्रश्न पाच व्हर्जन आरामात टिकतो.

अर्थात अख्खा विषयच गेला तर इलाज नाही. पॉड सिक्युरिटी पॉलिसी (पॉडला काय करू द्यायचं याचे नियम) १.२५ मध्ये काढूनच टाकली, तिच्यावरचे प्रश्न सरळ कचऱ्यात.

मी एका क्लासचा सराव संच घेतला होता, त्यात इन्ग्रेसची (बाहेरून येणारा ट्रॅफिक ॲपकडे वळवणाऱ्या नियमांची) यामल म्हणजे सेटिंगची फाइल 'व्हीवनबीटा' या जुन्या एपीआय व्हर्जनवाली, जी १.२२ पासून चालतच नाही. अर्धा तास वाटत राहिलं माझंच इंडेंटेशन (ओळींआधीची मोकळी जागा) गंडलंय 😅 त्यामुळे संच घेताना आधी तो कुठल्या व्हर्जनवर बनवलाय ते विचारा, सांगितलं नाही तर सोडून द्या.