मदत हवी आहे: तबल्याच्या समेवर कट नेमका बसत नाही, प्लेबॅकचा वेग कसा आवरायचा?

कातरवेळ:

नमस्कार मंडळी. आमच्या तबल्याच्या क्लासच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण माझ्या गळ्यात पडलंय. समोर एक कॅमेरा (सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 25 चित्रं) आणि दोन्ही बाजूंना एकेक मोबाईल (30 फ्रेम). संकलनाला डाविंची रिझॉल्व्ह सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती, विंडोज लॅपटॉप, 16 जीबी रॅम.

तिहाई (तीनदा वाजवलेला बोल) संपून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) हात पडतो तिथे अँगल बदलायचा आहे. पण स्पेसबार दाबून थांबेपर्यंत सम निघून गेलेली असते. माउसने रेघ ओढली तर ती कधी अलीकडे, कधी पलीकडे. शेवटी क्लिपचाच वेग 25 टक्के केला, कट मारला आणि वेग परत 100 वर आणला, तर पुढची सगळी टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडायची पट्टी) विस्कटली. ऐकताना वेग कमी, पण क्लिप जशीच्या तशी, असं काही करता येतं का? सोलो 40 मिनिटांचा आहे, कट साठेक तरी होतील.

एकताल:

क्लिपचा वेग बदलू नका! ती तबल्याची चामडी ताणण्यासारखी गोष्ट झाली, सूरच बदलला. कीबोर्डवर जे-के-एल वापरा.

जुना संकलक:

वर सांगितलंय ते बरोबर, जरा विस्ताराने लिहितो. एल म्हणजे पुढे, जे म्हणजे मागे, के म्हणजे थांब. एल पुन्हा पुन्हा दाबलं की वेग दुप्पट, चौपट होतो. विलंबितातला आलापासारखा भाग असा पळवत बघायचा. तुमच्या कामाची खुबी पुढे आहे. के दाबून धरा आणि त्याच वेळी एल दाबून धरा, संथ चालेल, आवाजही संथ ऐकू येईल. के धरून एलला नुसती टिचकी मारली तर एकच फ्रेम सरकते. उलट दिशेला तसंच जे. प्रीमियर या दुसऱ्या संकलन सॉफ्टवेअरमध्येही हेच चालतं, शिवाय तिथे शिफ्ट-एलने संथ जाता येतं.

स्पेसबारने का जमत नाही तेही बघा. 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. कानाने ऐकून बोट हलायला साधारण 200 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 5 फ्रेम गेल्या. द्रुत तीनताल मिनिटाला 240 मात्रांनी चालला असेल तर एक मात्रा जेमतेम सव्वासहा फ्रेमची! तुम्ही थांबता तेव्हा पुढची मात्रा दारात उभी असते. (तालात मुरलेल्या माणसाला सम आधीच दिसते हे खरं, पण त्या भरवशावर साठ कट मारू नका.)

खरं तर नेमक्या फ्रेमवर थांबायचा अट्टहासही सोडा. ऑडिओची वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठी करा, समेचा टोकदार उंचवटा दिसतो. त्याच्या आसपास कंट्रोल-बीने ढोबळ कट मारा. मग व्ही दाबून तो कट निवडा, आणि स्वल्पविराम व पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम डावीकडे-उजवीकडे सरकवा. कटाच्या दोन्ही बाजू निवडलेल्या असतील तर पुढचं काही हलत नाही. मला स्वतःला कट थापेच्या एक फ्रेम आधी आवडतो. हात खाली येताना दिसतो आणि थाप नव्या अँगलमध्ये पडते.

कातरवेळ:

के-एल जमलं, धन्यवाद! पण जे दाबलं की मोबाईलच्या क्लिप अडखळतात, कॅमेऱ्याची तेवढी नाही. आणि वीसेक मिनिटांनंतर मोबाईलमध्ये हात आणि आवाज जुळतच नाहीत.

जुना संकलक:

दोन वेगळी दुखणी आहेत. मोबाईल प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण, मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच. मागे जाताना प्रत्येक वेळी आधीचं पूर्ण चित्र गाठून तिथून हिशेब मांडावा लागतो, म्हणून लॅपटॉपला धाप लागते. क्लिपवर राइट क्लिक करून प्रॉक्सी (संकलनापुरती हलकी प्रत) बनवा. डिस्कवर जागा मात्र ठेवा.

दुसरं, बरेच मोबाईल 30 लिहितात पण फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) वरखाली होत राहतो. आधी हँडब्रेक या व्हिडिओ फाईल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (स्थिर) फ्रेमरेट निवडून फाईल बदलून घ्या, मग प्रॉक्सी. क्रम उलटा केलात तर प्रॉक्सी पुन्हा बनवाव्या लागतील.

धा धिं:

श्रेयनामावली मराठीत टाइप केल्यावर कीबोर्ड इंग्रजीवर आणता ना? इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये जे-के-एलच्या जागी र-क-त येतं. मी एकदा अर्धा तास "शॉर्टकट बिघडले" म्हणून डोकं फोडत होतो.

कातरवेळ:

हाहा, र-क-त आटलं म्हणायचं. रात्री तिन्ही फाईली हँडब्रेकला लावून झोपलो, सकाळी 35व्या मिनिटाला हात आणि आवाज एकत्र! पहिले अकरा कट झाले. आता एकच शंका: दोन्ही मोबाईल समोरच्या कॅमेऱ्याच्या आवाजाशी जुळवायला वेव्हफॉर्मवरून आपोआप सिंक करू, की प्रत्येकाची पहिली थाप बघून हाताने?


जुना संकलक:

आपोआप करा, आणि शेवटची तिहाई हाताने तपासा.