सहा पायांची गोचीड

‘सहा पाय असतील तर कीटक, आठ असतील तर गोचीड’ ही नेहमी सांगितली जाणारी खूण मोठ्या गोचिडीपुरती बरोबर आहे. मात्र अंड्यातून निघालेल्या पिल्लालाही सहाच पाय असतात आणि चौथी जोडी पहिली कात टाकल्यावर येते. नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या जंगलातून परतल्यावर मोज्याच्या काठाशी सापडलेला खसखशीएवढा तपकिरी जीव मी याच नियमाने ढेकणाचे पिल्लू ठरवला होता. ओळखीच्या पशुवैद्यांनी भिंगाखाली दाखवले की त्याला मिशा नाहीत आणि डोके, छाती, पोट असे वेगळे भागही नाहीत. ती गोचीडच होती. (मी तो चिकटपट्टीत चिरडून नेला नव्हता, स्पिरिटच्या बाटलीत नेला होता, हे नशीब.)

२०१८ मध्ये विदर्भात पसरलेल्या स्क्रब टायफस या तापाच्या आजाराचे जंतू चावून पसरवणारे चिगर माइट (गोचिडीच्याच नात्यातले बारीक जीव) मात्र डोळ्यांना जेमतेम दिसतात. तिथे किडा शोधत बसण्याऐवजी ताप आणि त्वचेवर भाजल्यासारखी काळी खपली दिसताच डॉक्टरांना दाखवावे.